अफगाण चर्चच्या भिंतीवर नसलेली नावं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत कुलाब्याच्या अफगाण चर्चचं मोठं रंगीत छायाचित्र आलं होतं. पाऊस पडून गेल्यावरचं आकाश, उंच टोकदार मनोरा, कुंपणाशी झाडांची सावली. छायाचित्र इतकं छान होतं की मी ते कापून ठेवलं. खालची ओळ मात्र अशी होती : ‘अफगाण युद्धात कामी आलेल्या ब्रिटिश सैनिकांचं स्मारक’. त्यातल्या ‘ब्रिटिश’ या एका शब्दासाठी हे पत्र लिहीत आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी कुलाब्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. नेव्हीनगरच्या बसमध्ये कंडक्टर ‘अफगाण चर्च’ अशी हाळी द्यायचा आणि निम्मी बस रिकामी व्हायची. पहिली आठ-नऊ वर्षं मी त्या वास्तूच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आपलं तिथे काय काम, असंच वाटायचं. शिवाय तो सगळा भाग लष्कराचा. एकदा ऑक्टोबरमध्ये, सहामाही परीक्षेचे पेपर तपासून डोकं दुखत होतं म्हणून, उन्हातून आत शिरले. आत गारवा होता. रंगीत काचांतून आलेला निळा-तांबडा उजेड फरशीवर पडला होता. बाकांवर कुणी नव्हतं. मी वेदीच्या बाजूला भिंतीजवळ गेले आणि सवयीने वाचायला लागले. शिक्षकाला भिंतीवर अक्षरं दिसली की राहवत नाही.

भिंतीवर नावं होती, अधिकाऱ्यांची. आणि एक लेख होता. त्याचा आशय मी तिथेच पर्समधल्या एका कागदावर मराठीत उतरवला, तो कागद अजून माझ्याजवळ आहे : ज्यांची नावं या भिंतींवर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची संख्या इतकी मोठी आहे की नावं लिहिणं शक्य नाही अशा हवालदार-नाईक-शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं, सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आपलं कर्तव्य स्मरून ते आजाराने किंवा तलवारीने पडले.

‘इतके की लिहिणं शक्य नाही’ या शब्दांपाशी मी थांबले ते बराच वेळ.

संपादक महाशय, हे शिपाई कोण होते, ते आपल्या वाचकांना कळायला हवं. पहिल्या अफगाण युद्धासाठी १८३८ च्या अखेरीस मुंबईहून जी फौज समुद्रमार्गे सिंधूच्या मुखाशी उतरली, तिचे सरदार सर जॉन कीन. तिच्यात गोऱ्या पलटणी होत्याच. विलायतेतून पोटासाठी भरती झालेली ती गरीब पोरं होती आणि त्यांचीही नावं या भिंतीवर नाहीत, हे आवर्जून सांगायला हवं. पण त्यांच्या बरोबरीने मुंबईच्या ‘नेटिव्ह इन्फंट्री’च्या पलटणी होत्या. या पलटणींत मराठे होते, महार होते, उत्तरेकडचे ज्यांना आपण परदेशी म्हणायचो ते होते, मुसलमान होते, कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू होते. रत्नागिरी आणि सातारा हे तर मुंबईच्या फौजेचे भरतीचे जिल्हे. ही माणसं बोलन खिंडीतून कंदाहारला गेली, २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला पडला तेव्हा तिथे होती, ऑगस्टमध्ये काबूलला पोचली. परतीच्या वाटेवर नोव्हेंबरमध्ये फौजेने कलातचा किल्ला घेतला. पुढे १८४३ साली सिंधमध्ये मियानीला आणि हैदराबादजवळ लढाया झाल्या, तिथेही मुंबईच्याच पलटणी होत्या.

छायाचित्राबरोबरच्या मजकुरात काबूलच्या माघारीचा उल्लेख होता. जानेवारी १८४२ मधली ती माघार भयंकरच होती; साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर बर्फात निघाले आणि १३ जानेवारीला डॉ. ब्रायडन जखमी अवस्थेत जलालाबादच्या वेशीशी पोचले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पण त्या माघारीतल्या पलटणी मुख्यतः बंगालच्या फौजेतल्या होत्या. मुंबईची माणसं ज्या ठिकाणी पडली ती ठिकाणं वेगळी आहेत आणि त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

एकच सांगते. बलुचिस्तानात मरी टोळ्यांच्या डोंगरांत काहान नावाची एक गढी आहे. १८४० च्या उन्हाळ्यात तिथे कॅप्टन लुईस ब्राउन यांच्या हाताखाली मुंबईच्या पाचव्या नेटिव्ह इन्फंट्रीचे शंभर-दीडशे शिपाई अडकले. त्यांना सोडवायला आणि रसद पोचवायला मेजर क्लिबर्न यांची तुकडी निघाली. ३१ ऑगस्टला नफुस्क खिंडीपाशी तिची गाठ मरींशी पडली. त्या दिवशी माणसं गोळीने मेली तशीच उन्हाने आणि तहानेने मेली. पाणी नव्हतं. रसद गेली, तुकडी परत फिरली. आणि काहानमधले शिपाई तटावरून वाट बघत राहिले. शेवटी सप्टेंबरच्या अखेरीला मरी सरदाराशी बोलणी करून ते गढीतून बाहेर पडले आणि चालत खाली आले. ही पाचवी पलटण म्हणजे आजच्या मराठा लाईट इन्फंट्रीतली ‘काली पाँचवीं’. तिच्या मानचिन्हांत काहानचं नाव आहे. काहानमध्ये आणि नफुस्कच्या वाटेवर मेलेल्या एकाही शिपायाचं नाव कुलाब्याच्या भिंतीवर नाही.

आणि भिस्ती, डोलीवाले, घोड्यांचे मोतद्दार, उंटवाले? फौजेबरोबर हजारोंनी गेलेली ही माणसं तर त्या लेखात ‘असंख्य’ म्हणूनसुद्धा येत नाहीत. आपल्याकडे त्यांना बाजारबुणगे म्हणायची पद्धत आहे. नफुस्कला तहानेने मरणाऱ्यांना पाणी पाजायला कुणी असेल तर तो भिस्तीच असणार. ‘बाजारबुणगे’ हा शब्द मी वर्गात कधी वापरू दिला नाही.

आता ‘लिहिणं शक्य नाही’ याबद्दल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपायाला महिना सात रुपये पगार होता आणि तो हजेरीपटावर नाव बघूनच मिळायचा. नाव, पलटण, कंपनी. रोज हजेरी व्हायची. माणूस मेला की त्याच दिवशी त्याचं नाव पटावरून कमी व्हायचं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याचा पगार द्यायचा नसायचा. म्हणजे नावं माहीत होती, एकूण एक. मी सत्तावीस वर्षं वर्गाचा पट लिहिला आहे, कधी साठ मुलांचा, कधी बहात्तर. हात दुखतो, पण पट लिहून होतो.

चर्चच्या बांधणीला घाई होती असंही नाही. ४ डिसेंबर १८४७ ला पायाचा दगड बसला आणि ७ जानेवारी १८५८ ला चर्चच्या पवित्रीकरणाचा संस्कार झाला. मनोरा पुरा व्हायला १८६५ साल उजाडलं. १९८ फूट उंच, जहाजांना दुरून दिसावा म्हणून. त्या मनोऱ्यासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी साडेसात हजार रुपये दिले, त्याची नोंद आहे. कुर्ल्याचा दगड, पोरबंदरचा दगड, विलायतेहून आलेल्या काचा, पुढे १९०४ साली आलेल्या आठ घंटा, सगळ्याची नोंद आहे. वास्तूचं मोल मी कमी करत नाही. हेन्री कॉनीबेअर यांनी उभारलेलं आणि विल्यम बटरफिल्ड यांनी आतून सजवलेलं हे चर्च मुंबईच्या सर्वांत देखण्या वास्तूंपैकी आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते, ती शांतपणे होत राहावी.

पण नाव दगडावर असण्याने काय होतं, ते आमच्या समाजाला नीट ठाऊक आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली, म्हणजे या चर्चच्या सव्वीस वर्षं आधी. तोही कंपनी सरकारनेच उभारला. त्यावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत, एकोणपन्नास, आणि त्यांतली बावीस ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. मजकूर मराठीतही आहे. पुढे १८९० नंतर सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तुम्ही लढाऊ जातींत बसत नाही म्हणून. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर शिपाई, त्यांनी दापोलीच्या बाजूला बसून सेनाप्रमुखांसाठी अर्ज लिहिला. फौजेत आपली चाकरी किती जुनी आणि किती इमानाची, हे त्यांना शब्दांनी पटवून द्यावं लागलं. आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला त्या स्तंभापाशी उभे राहिले तेव्हा त्यांना बोट दाखवायला दगडावर नावं होती. कुलाब्याच्या भिंतीवर काहानची, गझनीची, मियानीची नावं असती तर वलंगकरबाबांना मुंबईतच, गव्हर्नरच्या डोळ्यांसमोरच, बोट दाखवता आलं असतं. हे माझ्या मनातून जात नाही.

आता घरचं सांगते, कारण माझी तळमळ तिथूनच आहे.

माझं माहेर खेड तालुक्यातलं. आमच्याकडे भाद्रपदात म्हाळ घालायचे तेव्हा पितरांची पानं वाढून झाली की एक पान वेगळं वाढायचे, उंबऱ्याच्या उत्तरेला. त्याला ‘कंदाराचं पान’ म्हणायचे. मला हे आजीने सांगितलं. मी ते पान पाहिलेलं नाही, पाहिलं असेल तर आठवत नाही. माझ्या पणजोबांचे वडील पलटणीत होते आणि कंदारला गेले ते आले नाहीत, एवढंच घरात माहीत. घरात त्यांना ‘कंदारवाला’ म्हणायचे. पणजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते, त्यावरून हिशेब केला तर ते दुसरं अफगाण युद्ध ठरतं, बहुधा २७ जुलै १८८० ची मैवंदची लढाई. चर्चमधल्या त्या लेखातली वर्षं त्याच्या चाळीस वर्षं आधीची आहेत, हे मला कळतं. आमच्या माणसाचं नाव त्या लेखाच्या शेजारी यायला हवं होतं, असा माझा दावा नाही. पण तो गेला त्याच वाटेने, मुंबईच्याच फौजेतून, त्याच कंदाहारला. आणि त्याचं नावही तसंच कुठे राहिलं नाही.

मैवंदला मुंबईची पहिली ग्रेनेडियर्स होती, तिसावी म्हणजे जेकब्स रायफल्स होती, मुंबईच्या सॅपर्सची, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्यांची, एक तुकडी होती आणि गोरी सहासष्टावी पलटण होती. अडीच हजारांच्या त्या फौजेतले नऊशेहून अधिक एका दिवसात मेले. त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त आपले. सहासष्टाव्या पलटणीच्या माणसांसाठी इंग्लंडमध्ये रेडिंग गावातल्या बागेत १८८६ साली लोखंडाचा प्रचंड सिंह उभा केला आणि त्याच्या चौथऱ्यावर ३२९ नावं लिहिली, साध्या शिपायांसकट सगळी. म्हणजे सहा वर्षांत ३२९ नावं लिहिणं शक्य होतं. ते वाचलं तेव्हा मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. त्या आयांना आपल्या पोराचं नाव हाताने चाचपून बघता आलं असेल. त्याच दिवशी, त्याच उन्हात, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या ग्रेनेडियर्सची अशी यादी मी मुंबईत आणि पुण्यात शोधत आले आहे. मला ती भिंतीवर कुठे वाचायला मिळाली नाही.

आमच्या घरात एक बिल्ला होता. आजी त्याला ‘राणीछाप’ म्हणायची. चांदीचा, एका बाजूला राणीचा मुखवटा. मानमोडीच्या, म्हणजे फ्लूच्या साथीच्या साली, १९१८ ला, घरातली तीन माणसं आठवड्यात गेली आणि भातही आलं नाही. तेव्हा पणजीने तो सोनाराला वजनावर दिला. आजी म्हणायची, ‘तांदूळ आले त्याचे.’ त्यात पणजीची काही चूक नव्हती. मला नंतर, नोकरी लागल्यावर, एका वस्तुसंग्रहालयात कळलं की अफगाण मोहिमेच्या त्या बिल्ल्यांच्या कडेवर प्रत्येक शिपायाचं नाव कोरलेलं असायचं, देशी शिपायांचंसुद्धा. म्हणजे आमच्या माणसाचं नाव पस्तीसेक वर्षं आमच्या घरात होतं. पितळी डब्यात, चिंध्यांत गुंडाळलेलं. इंग्रजी अक्षरांत असल्यामुळे घरात कुणाला वाचता आलं नाही, आणि मग ते मुशीत वितळलं. नावाचा शेवट आम्हाला माहीत आहे, ‘नाक’. पुढचा अर्धा भाग गेला.

१९५६ नंतर आमच्या घराने धम्म स्वीकारला आणि म्हाळ बंद झाले. ते योग्यच झालं, मी त्या निर्णयाची लेक आहे. आजीनेही एका शब्दाने कुरकुर केली नाही. पण दुसऱ्या वर्षी भाद्रपद आला तेव्हा ती माझ्या आईला म्हणाली होती, ‘बाकीच्यांची नावं आपण घेतो गं, त्याचं काय घ्यायचं?’ पान होतं तोवर त्याला जागा तरी होती.

मी युद्धाचं कौतुक करायला हे लिहीत नाही. ते युद्ध दुसऱ्याच्या देशात घुसून केलेलं होतं, आणि मैवंदला समोर जे अफगाण मेले त्यांचं घर तिथेच होतं. आपली माणसं पोटासाठी गेली. गावात ज्याला विहिरीवर जाता येत नव्हतं त्याला फौजेत बंदूक मिळत होती, पेन्शन मिळत होती, मुलाला पलटणीच्या शाळेत चार अक्षरं मिळत होती. काप दापोलीत पेन्शनरांची वस्ती उभी राहिली ती यातूनच. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन तिथेच आले होते.

तर माझ्या मागण्या अशा आहेत. पहिली आपल्याकडे : यापुढे या चर्चबद्दल छापताना ‘ब्रिटिश सैनिकांचं स्मारक’ असं लिहू नये. ‘मुंबईच्या फौजेतल्या गोऱ्या आणि देशी सैनिकांचं’ असं लिहावं. चार शब्द जास्त लागतील. दुसरी, चर्चच्या विश्वस्तांकडे आणि वारसा जतनाचं काम बघणाऱ्यांकडे, आपल्या मार्फत : चर्चची भिंत जशी आहे तशी राहू द्या, तिला कुणी हात लावू नये. फक्त दाराबाहेर, आवारात, त्या लेखाचं मराठी भाषांतर असलेला एक साधा फलक लावा आणि त्याखाली मुंबईच्या ज्या देशी पलटणी त्या मोहिमांत होत्या त्यांचे क्रमांक द्या. ग्रेनेडियर्स, पाचवी, बारावी, एकोणिसावी, पंचविसावी, अशी सुरुवात तरी होईल. शाळेच्या सहलीतली मुलं ते वाचतील. आमच्या शाळेच्या मुलांना मी ते तोंडी सांगायचे, पण मी आता शाळेत नाही.

तिसरी विनंती वाचकांना, आणि ती तातडीची आहे. आपला पेपर रत्नागिरीत, साताऱ्यात, महाडला, खेडला जातो. ज्यांच्या घरी जुन्या पलटणीचा बिल्ला असेल, मग तो देव्हाऱ्यात असो, पेटीत असो की पोरांच्या खेळण्यांत, त्यांनी तो विकण्याआधी, मोडण्याआधी, घासून चकचकीत करण्याआधी उजेडात न्यावा. घासू तर मुळीच नये, अक्षरं झिजतात. चपट्या बाजूवर राणीचा किंवा राजाचा मुखवटा असतो, तिकडे बघू नका. जाड कड बघा. नाण्याला जशी कड असते तशी. भिंग नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. बिल्ला हळूहळू फिरवत जायचं. आधी आकडा येतो, तो शिपायाचा नंबर. मग हुद्दा. मग नाव, आणि शेवटी पलटण. इंग्रजी येत नसेल तर शेजारच्या दहावीतल्या पोराला बोलवा. नाव वाचता आलं की ते वहीत मराठीत लिहून ठेवा आणि संपादकांकडे एक कार्ड टाका. संपादकांनी ती नावं छापावीत, रोज एक छापलं तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कुलाबा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)